दुधाची दोरी

मी पहिल्यांदा ते चीज पाहिलं तेव्हा ते खायचं कसं, हेच मला कळलं नव्हतं. विदर्भातल्या डेअरी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. वर्गात आम्ही मुली तिघीच. आम्हाला चीज शिकवणारे सर परदेशातलं प्रशिक्षण संपवून नुकतेच परतले होते, आणि येताना त्यांनी थर्मासमध्ये बर्फ घालून एक पाकीट आणलं होतं. आत बोटाएवढ्या लांब, पांढऱ्या कांड्या. खडूच वाटावेत. एक कांडी दोघांत, असा हिशेब निघाला.

शेजारच्या मुलानं त्याचा वाटा सरळ तोंडात टाकला. सर म्हणाले, "अहो, थांबा! आधी सोलायचं, मग खायचं."

त्यांनी स्वतःची कांडी वरून नखानं उचलली आणि खाली ओढली. एक लांबलचक धागा निघून आला. मग दुसरा, मग तिसरा, शेवटचा तर इतका बारीक की खिडकीतल्या वाऱ्यानं हलत होता. दुधातलं प्रथिन गरम असताना एकाच दिशेनं ओढत राहिलं की असे धागे बसतात, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. फळ्याकडे माझं लक्ष नव्हतं. मी दोन धागे खाल्ले होते. खारट, दुधाळ, दातांखाली किंचित कुरकुरणारे. उरलेला तुकडा बटरपेपरात गुंडाळून डब्यात ठेवून दिला, कारण चारच दिवसांनी उन्हाळ्याची सुट्टी लागणार होती आणि धाकट्या बहिणीला ते दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

सुट्टीआधी सरांना गाठून मी दूध विरजायची पावडरही मागून घेतली. विरजण म्हणजे दह्याचं नव्हे, चीजसाठी दूध घट्ट करणारं. पुडी हातात घेताना विचारलं, "सर, हे वासराच्या पोटातलं नाही ना? आमच्या घरी चालणार नाही."

"हे बुरशीपासूनचं आहे. पण चिमटीचीसुद्धा चिमटी वापरा," सर म्हणाले. "जास्त टाकलंत तर चीज कडू होईल आणि नाव माझं."

आमचं घर पाचोऱ्याला. वडील, म्हणजे नाना, स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. भुसावळला गाडी बदलून मी दुपारी पाचोऱ्याला उतरले तेव्हा मे महिन्याचं ऊन असं होतं की फलाटावरच्या नळाचं पाणीसुद्धा चटके देत होतं. घरी गेल्या गेल्या, चप्पलही न काढता, मी डबा उघडला. बटरपेपर तेलकट झाला होता. आतला तुकडा वाकून, घामेजून एका कोपऱ्यात जाऊन बसला होता.

"मेणबत्ती वितळली का गं?" बहिणीनं विचारलं.

आईनं डबा नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. मी धागा काढायला गेले तर गोळा हातात आला. मला रडायलाच आलं. नानांनी तो गोळा उचलला, सगळाच्या सगळा खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "छान आहे. थोडी साबणाची चव आहे, पण छान आहे."

बहीण हसून हसून लोळली. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं की हे चीज आता इथेच, आमच्या अंगणात करून दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी गवळ्याकडून चार लिटर म्हशीचं दूध घेतलं. मी आंघोळीला गेले आणि परत आले तोवर आईनं दूध उकळून, साय धरायला झाकून ठेवलं होतं.

"आई! कच्चं हवं होतं!"

"कच्चं दूध कोण वापरतं? कॉलेजात हेच शिकवतात का?"

उकळलेलं दूध त्या पावडरीनं नीट लागत नाही, म्हणजे दह्यासारखं घट्ट बसत नाही. तरी मी प्रयत्न केला. संध्याकाळपर्यंत पातेल्यात पातळ, रव्यासारखं काहीतरी तयार झालं. आईनं त्यात साखर-वेलदोडा घालून आटवलं आणि ते खरोखरच चांगलं लागलं. पण ते चीज नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आईला चुलीपासून लांब बसवून मी स्वतः दूध कोमट केलं, चमचाभर दही घातलं, पुडीतली चिमूट पाण्यात विरघळवून ओतली. या वेळी दूध झकास लागलं. सुरी घातली तर स्वच्छ काप पडला. चौकोनी तुकडे केले, हलक्या हातानं ढवळले, पांढऱ्या पंच्यात बांधून खुंटीला टांगले. खाली निवळीचे, म्हणजे सुटलेल्या पाण्याचे, थेंब टपटपत होते आणि मी मनातल्या मनात सरांना सगळं सांगतही होते. थोडा तुकडा काढून गरम पाण्यात टाकला. आता हा मऊ पडणार, ताणला जाणार.

तो फुटला. बोटानं दाबला तर कण कण झाला. पुन्हा एक तुकडा टाकला, तोही फुटला.

काय चुकतंय ते मला माहीत होतं. पंच्यातलं घट्ट दही पुरेसं आंबल्याशिवाय ताणलं जात नाही, आणि जास्त आंबलं तर विरघळतं. मधली वेळ पकडायची असते. कॉलेजात ती पकडायला आंबटपणा मोजण्याचं यंत्र होतं, काट्याचं. पाचोऱ्याला माझ्याकडे काय होतं? मी पंच्याखाली गुडघ्यावर हनुवटी टेकून बसले होते, तेवढ्यात फाटक वाजलं आणि मावशी आत आली.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई तिला अक्का म्हणायची. दोघींचं माहेर धुळ्याकडचं. आई पाचोऱ्याला येऊन शाळेतल्या बायांसारखं बोलायला शिकली. मावशी लग्न होऊन पहूरला गेली, तिथली बोली वेगळी, पण तिनं आपली अहिराणी काही सोडली नाही. पहूरच्या बायका तिची नक्कल करायच्या आणि ती त्यांच्यासमोरच आणखी जोरात बोलायची. त्या दिवशी ती पीजेनं आली होती. पीजे म्हणजे पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोटी गाडी. आमच्याकडे तिचं नाव असंच घ्यायचे, घरातल्या माणसासारखं.

मावशीची ओळख सगळ्या तालुक्याला एकाच गोष्टीसाठी होती. ती मांडे करायची. खान्देशातल्या लग्नात मांडे हवेतच. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठा करायचा, कोपरापर्यंत पसरलेला तो पातळ मांडा चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा आणि भाजला की हातानंच उचलायचा. मावशी आणि तिच्या चार सोबतिणी लग्नसराईत गावोगाव जायच्या.

"काय वं, हाई काय टांगी ठेयेल शे?" तिनं पंच्याकडे पाहत विचारलं.

मी सगळं सांगितलं. थर्मासपासून साबणापर्यंत. तिनं अर्ध्यावरच ऐकणं सोडून पंच्यात बोट घातलं, बोराएवढा तुकडा काढला आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटले.

"फिक्कं शे. आखो आंबट व्हऊ दे."

"आणखी किती आंबट, मावशी?"

"ते मी काय सांगू? व्हयनं की समजस."

मग आमची दुपार अशी गेली. ती जेवली, आईशी बोलली, आडवी झाली, आणि दर थोड्या वेळानं उठून पंच्यातला एक तुकडा चाखून पुन्हा आडवी झाली. "नही." थोड्या वेळानं पुन्हा "नही." बहिणीनं तर पैज लावली की चीज तयार होईपर्यंत पंचा रिकामा होईल. दोन वाजून गेले. मावशीनं तुकडा तोंडात टाकला आणि या वेळी डोळे मिटलेच नाहीत.

"आते. पाणी ठेव."

पाणी कढत झालं. त्यात मीठ टाकलं, दह्याचा गोळा कापून टाकला. मी उलथन्यानं हलवत होते. आधी काही नाही. मग तुकड्यांच्या कडा गोल झाल्या. मग ते एकमेकांना चिकटायला लागले. मी घाईनं हात घातला आणि ओरडून बाहेर काढला, बोटं लाल.

"सरक," मावशी म्हणाली. पदर खोचला, बांगड्या वर सारल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले.

"अक्का, भाजेल!" आई ओरडली.

"मन्हा हातले काय व्हस? तीस वरीस खापरवर तपेल हात शे हाऊ."

तिनं गोळा वर उचलला. तो उचलला गेला आणि खाली लोंबायलाही लागला. सुरुवातीला जाड, मग लांब, आणखी लांब, गुळगुळीत, चकाकणारा. मावशीनं तो दुमडला, पुन्हा ओढला. दुमडला, ओढला. कणीक मळताना तिच्या खांद्यांना जी लय यायची तीच आता आली होती. चार-पाच वेळा असं झाल्यावर तिनं एक टोक माझ्या हातात दिलं आणि ती उलट्या पावली मागे चालायला लागली. ओसरीपासून तुळशीपर्यंत. आमच्या दोघींच्या मध्ये पांढरी दोरी झोका खात होती.

"माय वं!" मावशी लहान मुलीसारखी ओरडली. "हाई ते दूधनी दोरी शे!"

ओरडणं ऐकून भिंतीपलीकडच्या मारवाडी काकू डोकावल्या. त्यांचं कापडाचं दुकान होतं, घर जैन, स्वयंपाकाचे नियम कडक. मागच्या दारानं त्या नातवंडांना घेऊन आल्याच. तोवर आम्ही दोरीचे वीतभर तुकडे करून माठातल्या गार पाण्यात सोडले होते. मी पहिला तुकडा उचलला, नखानं टोक धरलं आणि ओढलं. धागा आला! अगदी कॉलेजातल्यासारखा नाही, जरा जाड आणि मधेच तुटणारा, पण धागा.

बहिणीनं तो माझ्या हातातून हिसकावला. नाना ऑफिसातून चहाला आले होते, त्यांनी दोन तुकडे उभ्या उभ्या खाल्ले आणि म्हणाले, "यात साबण नाही." आईनं मात्र एक धागा जिभेवर घोळवला. मग हळूच आणखी एक घेतला.

काकूंनी विचारलं, "हे दूध कशानं जमवलं?"

मी पुढे होऊन अभिमानानं सांगितलं, "काकू, जनावराचं काहीच नाही. पावडर बुरशीपासून केलेली आहे."

"बुरशी?" काकू विचारात पडल्या. "मग तो पण जीवच ना, बाई."

डेअरी कॉलेजाच्या तीन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझा पडलेला चेहरा पाहून काकू हसल्या. "तुम्ही खा. मी सोलून देते, सोलण्यात काय आहे?" आणि त्या पाटावर मांडी घालून बसल्या. आयुष्यभर शेवया वळलेली ती बोटं. त्यांनी सोललेले धागे आम्हा सगळ्यांपेक्षा बारीक निघाले. गल्लीतली पोरं रांगेत उभी राहून त्यांच्याकडून एकेक धागा घेत होती. त्यांच्या नातवंडांनी काय केलं ते मी पाहिलं नाही, आणि काकूंनीही बहुधा मुद्दामच पाहिलं नाही.

त्यानंतर आठच दिवसांनी एरंडोलला लग्न होतं. मावशीच्या नणंदेच्या मुलीचं. मांडे अर्थातच मावशीकडे. येताना पुडी घेऊन यायला ती मला निघताना सांगून गेली होती, "ती पुडी लई ये." तिला फक्त सोबतिणींसमोर थोडी मिरवायची होती, एखाद्या लिटरची गंमत. तसं पाहिलं तर पुडीत उरलंही थोडंच होतं. आम्ही सगळे एसटीनं सकाळीच पोहोचलो.

वऱ्हाड धुळ्याहून यायचं होतं. दुपारच्या मुहूर्ताची तयारी चालली होती. मांडवाच्या मागे मावशीच्या चार खापरांना जाळ लागला होता. अकराच्या सुमारास शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला. वऱ्हाडाची गाडी पारोळ्याच्या पुढे बंद पडली आहे, दुसरी गाडी मिळेपर्यंत चार वाजतील, लग्न गोरजावर लावू. माणसं सुखरूप आहेत म्हटल्यावर मांडवात कुणी फार मनाला लावून घेतलं नाही. मुलं भुकेनं कुरकुरत होती, म्हातारी माणसं पत्ते काढून बसली.

पण एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती. बासुंदीसाठी पहाटे आलेल्या दुधाच्या दोन कॅन. एक आचाऱ्यानं लगेच आटवायला घेतली होती. दुसरी, वीस लिटरची, कुणी सावलीत म्हणून ठेवली आणि सावली कधीच सरकून गेली होती. बाराला आचाऱ्यानं झाकण उघडलं, नाक मुरडलं, ओगराळंभर दूध कढईत तापवून पाहिलं. ते फुटलं.

"दूध नासलं," तो म्हणाला. हळू म्हणाला असता तर बरं. पण तो मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला.

लग्नघरात दूध नासणं म्हणजे काय, ते मला वेगळं सांगायला नको. नणंदबाई जिथे होत्या तिथेच खाली बसल्या. दोन-तीन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. आधी गाडी बंद पडली, आता दूध नासलं. आता हे बोललं जाणारच होतं. आतल्या खोलीत हळदीच्या साडीत बसलेली नवरीसुद्धा दारात येऊन उभी राहिली.

मावशीनं हातातला मांडा खापरावर टाकला. पिठाचे हात तसेच घेऊन ती मांडवाच्या मध्यभागी आली.

"कोन म्हने नासनं?" ती गरजली. "आम्हीन मुद्दाम आंबाले ठेयेल शे ते दूध. दोरी करानी शे. मन्ही भाची दूधनं कॉलेज शिकेल शे, तिले इचारा!"

शे-दीडशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खोटं बोलल्यासारखी नाही, शिकलेल्या माणसासारखी हलवायचा प्रयत्न केला.

मागे गेल्यावर मी मावशीचा हात धरला. "वीस लिटर! पुडीत पुरेल का ते माहीत नाही. ताणलं गेलं नाही तर?"

"ताणायनं नही ते मांगे देखू. आते तू पुडी काढ."

दूध मोठ्या पातेल्यात ओतून कोमट केलं. पुडी झटकून, कागद पाण्यात धुऊन सगळं त्यात घातलं, झाकलं. अर्धा तास मी पातेल्याशेजारून हलले नाही. नणंदबाई दोनदा येऊन झाकणाकडे पाहून परत गेल्या. झाकण काढून बोट घातलं. बोट स्वच्छ बाहेर आलं आणि मागे काप राहिला. लागलं होतं. पुढची गंमत अशी की दूध आधीच आंबत चाललेलं असल्यामुळे पाचोऱ्याला जे काम होईपर्यंत दुपार कलली, ते इथे भराभर होत होतं. नव्या कोऱ्या उपरण्यात बांधून, वर पाटा ठेवून आम्ही निवळी काढली. मावशी मांडे करता करता मधेच येऊन चाखत होती. तिसऱ्यांदा चाखलं आणि तिनं सगळ्या सोबतिणींना हाक मारली.

"या वं बठ्ठ्या! हात धुई या!"

त्या पाच जणी मोठ्या परातीभोवती बसल्या तेव्हा बघायला अर्धा मांडव मागे आला. कढत पाणी ओतलं. पाच जणींचे दहा हात वाफेत गेले, आणि कुणीही ‘स्स’सुद्धा केलं नाही. मी फक्त सांगत होते, "पिळू नका, ओढा. एकाच बाजूला ओढा." त्या बायकांना ओढणं शिकवायची गरज नव्हती. गोळे चकाकायला लागले, लांबायला लागले. मग दोघी दोघी, पाचवीसमोर मी, अशा समोरासमोर उभ्या राहून मागे मागे सरकलो. एकीला मागे खांब लागला, दुसरी आचाऱ्याच्या कढईपर्यंत गेली. तिसरी म्हणाली, "मन्ही सर्वात लांब!" झालं, लगेच शर्यत सुरू झाली आणि मुलं टाळ्या पिटायला लागली. एक दोरी मधेच तुटली. दोन्ही बाया धपकन खाली बसल्या, आणि त्या हशात मला नणंदबाईंचं हसणं ओळखू आलं.

माठांच्या गार पाण्यात मीठ घालून तुकडे बुडवले. चारच्या सुमारास वऱ्हाड आलं. धुळीनं माखलेलं, उन्हानं करपलेलं, भुकेलेलं. पाय धुवायला पाणी, प्यायला पाणी, आणि ताटात ही पांढरी दोरी.

नवरदेवाचे आजोबा बाजेवर टेकले होते. त्यांनी तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला, एक धागा ओढला. आयुष्य कापसात गेलेला माणूस. त्यांनी तो चिमटीत धरून ताणून पाहिला, जसा ते बाजारात कापसाचा धागा पाहत असतील.

"हाई काय सूत शे का?"

"खावानं शे, आबा," मी म्हटलं. "दूधनं शे."

आबांना दात नव्हते. त्यांनी धागा जिभेवर ठेवला आणि हिरड्यांनी चघळत बसले. बराच वेळ. मी समोर उभीच. शेवटी त्यांनी तळहात पुढे केला.

"आखो एक दे."

मग मांडवात नुसता कल्ला झाला. मुलांनी धाग्यांच्या मिशा लावल्या. एका चिमुरडीच्या कपाळाला कुणीतरी दोन धागे मुंडावळ्यांसारखे बांधले आणि ती ते खाली येतील तसे जिभेनं ओढून खात होती. नवरदेवाला सोलायला जमेना, त्याच्या बहिणीनं सोलून दिलं. कुणी म्हणालं धुळ्यात असं मिळत नाही, कुणी म्हणालं मुंबईत मिळतं, त्यानं पाहिलंय. ज्यानं पाहिलंय त्याला सोलायचं मात्र माहीत नव्हतं. दूध नासल्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. गोरजावर अक्षता पडल्या, आणि एकाच कॅनची बासुंदीही सगळ्यांना पुरली, कारण अर्ध्या लोकांची पोटं आधीच भरली होती.

पंगती उठल्यावर मी मावशीजवळ जाऊन बसले. ती खापरं गार व्हायची वाट पाहत होती.

"मावशी, तू एवढ्या लोकांत खोटं कसं बोललीस?"

"खोटं कसाले?" ती म्हणाली. "आते व्हयनं ना खरं."

नणंदबाईंनी तिला त्या दिवशी साडी नेसवली, आणि मलाही एक. माझी मोरपिशी होती. ती मी कॉलेजच्या निरोपसमारंभाला नेसले.

कॉलेज उघडल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी अविश्वासानं, मग खुर्ची पुढे ओढून ऐकलं. "प्रॅक्टिकलच्या वहीत लिहा," म्हणाले. मी कृती लिहून दिली. त्यांनी लाल पेनानं एका ठिकाणी गोल केला आणि शेजारी लिहिलं, आंबटपणा कशानं मोजला? मी खाली लिहिलं, मावशीनं. सरांनी ते खोडलं नाही. वही परत करताना एवढंच म्हणाले, "पुढच्या सुट्टीत पावडरीची मोठी बाटली घेऊन जा."

म्हणून पुढच्या उन्हाळ्यात मी पीजेनं पहूरला गेले ती पिशवीत बाटली घेऊनच. मावशीनं गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं. मी पोहोचले तर अंगणात चटया टाकलेल्या, बाया जमलेल्या, तिची नक्कल करणाऱ्या सगळ्या पुढच्या रांगेत. दहा लिटर दूध. सगळं छान लागलं, छान बांधलं. मावशी चाखत होती आणि प्रत्येक वेळी "आखो, आखो" म्हणत होती. मला वाटलं उशीर होतोय, पण तिच्या जिभेपुढे बोलायची माझी काय टाप?

शेवटी तिनं "आते" म्हटलं. कढत पाणी ओतलं, तिनं हात घातले आणि ओढायला गेली तर हाताला काही लागेचना. दही पाण्यात विरघळत होतं. बघता बघता परातीत पांढरी पेज झाली. मावशी ओल्या हातांनी तशीच बसून राहिली, मग तिनं जोरात नाक ओढलं.

"मावशी, तुला सर्दी झालीय?"

"चार दिवसफाईन. बर्फना गोया खाया ना जामनेरना बाजारमा," ती म्हणाली. "मन्हं नाक बंद शे वं. जिभले काय कळस!"

मग तीच आधी हसली, खोकत, शिंकत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग अख्खं अंगण. पुढच्या रांगेतल्या बाया तर एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. एकीनं तिच्याच बोलीत तिची नक्कल केली, "आखो! आखो!" मावशीनं तिला ओल्या हातानं धपाटा घातला आणि उठली.

"चूल पेटेलच शे. बेसन लई ये," तिनं मला सांगितलं. "लसूण सोला वं बठ्ठ्या, नुसत्या काय हासतस!"

परातीतलं सगळं मोठ्या पातेल्यात गेलं. वर बेसन, हळद, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या, कढीपत्त्याची फोडणी. ज्या बाया चीज बघायला आल्या होत्या त्या घरी जाऊन कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी घेऊन आल्या, आणि आम्ही त्या चटयांवर बसून पातेलं खरवडेपर्यंत कढी-भाकर खाल्ली.